पहिलीचं दार बंद, म्हणून नर्सरीची रांग

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या मीरा रोडला ॲडमिशनचा सीझन सुरू होतो. पुढच्या जूनमध्ये भरणाऱ्या नर्सरीचे फॉर्म नोव्हेंबरातच निघतात. मला हे वेळापत्रक पाठ आहे, कारण १९९८ पासून मी शांतीनगरमध्ये तळमजल्यावरच्या माझ्या दोन खोल्यांत बालवर्ग चालवते. म्हणजे पूर्वी पाटीवर ‘बालवर्ग’ असं होतं. २००४ साली ती पाटी काढून ‘प्लेग्रुप’ अशी लावली, कारण बालवर्ग म्हटलं की लोकांना वाटायचं इथं फुकट खिचडी मिळते. एका बाईंनी तर मला तसं तोंडावर विचारलं होतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात आमच्याच बी विंगमधली मुलगी. मुलगी म्हणजे एका मुलीची आई, बत्तीस वर्षांची, अंधेरीला नोकरी करणारी. खांद्यावर ऑफिसची पर्स, कडेवर अडीच वर्षांची लेक आणि हातात कागदांचा गठ्ठा.

‘‘काकू, जरा बघता का? पाल्याचे गुणविशेष शंभर शब्दांत लिहा म्हणतायत. इंग्लिशमध्ये. काय लिहू?’’

पाल्यानं तोवर माझ्या बटणांच्या डब्याचा ताबा घेतला होता.

मी आधी गुणविशेष बाजूला ठेवले आणि फीचा कागद बघितला. फॉर्मचे दीड हजार, परत न मिळणारे. प्रवेश शुल्क चाळीस हजार, तेही परत न मिळणारं. वर्षाची फी एक लाख साठ हजार. शाळा दहिसर नाक्याच्या पलीकडे, म्हणून बसचे अठ्ठेचाळीस हजार. युनिफॉर्म आणि ‘किट’ नावाची एक पेटी मिळून बारा हजार. फॉर्मचे सोडले तरी दोन लाख साठ हजार झाले. रोजच्या साडेतीन तासांसाठी, त्यातही अर्धा तास डबा खाण्याचा. हिच्या हातात महिन्याला शेहेचाळीस हजार येतात. म्हणजे साडेपाच महिन्यांहून जास्त पगार नर्सरीत गेला. आणि अशा आणखी चार शाळांचे फॉर्म तिनं भरले होते, कारण एकाच शाळेवर विसंबून राहायची कोणाची हिंमत होत नाही.

मी म्हटलं, ‘‘अगं, इतकी लांब कशाला? दोन वर्षं इथंच जाऊ दे. पहिलीला बघ काय ते.’’

ती म्हणाली, ‘‘काकू, नर्सरीत नाही मिळालं तर पहिलीला कोण घेणार?’’

आज मला लिहायचंय ते या एका वाक्याबद्दल. एरवी या विषयावर जे वाचायला मिळतं त्याचा सूर ठरलेला असतो: आजकालच्या आयांना वेड लागलंय, शेजारणीच्या मुलाशी बरोबरी करायची हौस, स्टेटस वगैरे. असेलही थोडं. पण सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं या आया जवळून बघितल्यावर मी सांगते, बहुतेकींचं डोकं ठिकाणावर आहे. त्यांचं गणितही बरोबर आहे. चूक आहे ती ज्या कोष्टकावरून त्या गणित मांडतात त्यात.

बघा ना. समजा, एका शाळेत पहिलीच्या तीन तुकड्या, चाळीस-चाळीस मुलांच्या. एकशेवीस जागा. पण त्या शाळेत नर्सरीही आहे आणि तिथंही एकशेवीसच मुलं. ती ज्युनिअरला जातात, सीनिअरला जातात आणि पहिलीत तीच मुलं जाऊन बसतात. कोणाच्या वडिलांची बदली झाली तर एखादी जागा रिकामी होते. म्हणजे पहिली ते दहावीच्या जागा तिसऱ्या वर्षीच वाटून झाल्या. आमच्या मीरा रोडच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. सकाळी चर्चगेटच्या गाडीत आपल्या स्टेशनला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून कितीजणी आधी उलट्या दिशेनं विरारला जातात आणि तीच गाडी पकडून बसून येतात. विरारला यांचं काय काम असतं? काही नाही. जागा हवी म्हणून जायचं. नर्सरीचंही तसंच. दोन लाख साठ हजारांत शिक्षणाचा भाग किती आणि पहिलीच्या बाकाचं आगाऊ बुकिंग किती, हे कोणी पावतीवर लिहून देत नाही.

तुम्ही म्हणाल, मग कायदा आहे की. आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं तेरावं कलम म्हणतं की प्रवेश देताना कॅपिटेशन फी घ्यायची नाही आणि मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावायची नाही. चाळणी लावली तर पहिल्यांदा पंचवीस हजार दंड, नंतर दर वेळी पन्नास हजार. पण या कायद्यात मूल म्हणजे सहा ते चौदा वर्षांचं. तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकार पूर्वप्राथमिकची सोय ‘करू शकेल’ एवढंच म्हटलंय. घोडं पेंड खातं ते इथं. २०१३ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला, तेव्हा खासगी विनाअनुदानित शाळांच्या नर्सरी प्रवेशाला, दुर्बल घटकांच्या पंचवीस टक्के जागा सोडल्या तर, हा कायदा लागू होत नाही असंच उत्तर मिळालं. म्हणजे जी चाळणी सहाव्या वर्षी लावायला बंदी, ती तिसऱ्या वर्षी लावली तर चालते, आणि सहाव्या वर्षी लावायची वेळच येत नाही!

यशपाल समितीनं १९९३ सालीच सांगून ठेवलं होतं की नर्सरीच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा, एवढ्या लहान मुलांवर लिहिण्यावाचण्याचा मारा करू नका. आता मुलाखत म्हणत नाहीत म्हणा. ‘इंटरॅक्शन’ म्हणतात.

आता माझीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी बाजूला उभं राहून बोलतेय असं वाटेल.

२००७ च्या सुमाराला माझ्याकडची मुलं कमी व्हायला लागली. सत्तावीसची अकरा झाली. हायवेच्या बाजूला एक मोठं, रंगीत, एसी प्लेस्कूल सुरू झालं होतं आणि आमच्या लाइनीतल्या दोन घरगुती बालवाड्या बंदही पडल्या होत्या. तेव्हा एका आईनं सुचवलं, ‘‘तुम्ही इंटरव्ह्यूची तयारी का नाही करून घेत?’’ मी सुरू केली. खोटं कशाला बोलू, चांगली चालली. संध्याकाळी पाच ते सहा, आठ मुलांची बॅच. नाव सांग, बाबांचं नाव सांग, रंग सांग, फळं सांग, आत जाताना ‘गुड मॉर्निंग’ म्हण, खुर्चीवर बस, रडू नको. शेवटचं सगळ्यात अवघड. तेवढंच शिकवायला महिना जायचा.

त्या बॅचमध्ये एक मुलगा होता. घरी कोकणी, बाहेर हिंदी, माझ्याकडे मराठी अशा तिन्ही भाषांत तो अखंड बडबडायचा. बेस्टच्या बसपासून भाईंदरच्या खाडीपर्यंत सगळ्यावर त्याचं मत असे. इंटरव्ह्यूसाठी सगळं इंग्रजीत हवं, म्हणून आम्ही, म्हणजे मी आणि त्याची आई, त्याला प्रत्येक वाक्यावर थांबवायला लागलो. ‘‘इंग्लिशमध्ये सांग. व्हॉट इज धिस?’’ तीन आठवड्यांत तो गप्प झाला. विचारलं तर बोटं तोंडात. घरीही बोलेना. आईच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की मुलात काही दोष नाही, त्याला जरा सोडा. दिवाळीनंतर पोर पुन्हा बोलायला लागलं. पण त्या संध्याकाळच्या वर्गात त्यानं पुन्हा पाय ठेवला नाही. दारापर्यंत यायचा, माझ्याकडे बघायचा आणि परत फिरायचा. मी ती बॅच त्या वर्षीच बंद केली. लगेच नाही, मार्चमध्ये. पैसे घेतले होते ना.

आजही मी फार सोवळी आहे असं नाही. फोनिक्सचा तास माझ्याकडेही आहे. नसेल तर मुलं येणार नाहीत.

मध्यंतरी एका फ्रँचायझीचा माणूस माझ्याकडे येऊन गेला. टाय लावलेला, फार गोड बोलणारा. मी त्यांचं नाव लावायचं, त्यांच्या रंगात भिंती रंगवायच्या, त्यांचीच खेळणी आणि पुस्तकं घ्यायची, सुरुवातीला काही लाख भरायचे आणि मग दर फीतला हिस्सा द्यायचा. मी विचारलं, ‘‘आणि शिकवणाऱ्या मुलींना काय द्यायचं?’’ तो म्हणाला, ‘‘ते तुमच्यावर आहे, मॅडम. मार्केट रेट.’’ तो मार्केट रेट मला माहीत होता, कारण माझ्याकडे शिकून तयार झालेल्या दोन मुली तशाच ठिकाणी लागल्यात. दहा हजारांच्या आतबाहेर. मेमध्ये सुट्टी, म्हणून मेचा पगार नाही. आईबाप दीड-दोन लाख भरतात आणि दिवसभर मुलाचं नाक पुसणारी, शू झाली तर चड्डी बदलणारी, हट्ट सांभाळणारी बाई दहा हजारांवर. उरलेला पैसा भाड्यात जातो, एसीत जातो, होर्डिंगवर जातो, रॉयल्टीत जातो. तीन वर्षांच्या मुलाला जे लागतं ते एक शांत डोक्याची, दरवर्षी न बदलणारी बाई. आणि नेमका तिच्यावरच खर्च कमी.

बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करत होते तेव्हा आम्हाला सहलीला कोसबाडला नेलं होतं. आपल्याच पश्चिम रेल्वेवर, डहाणूच्या बाजूला. आज विरारला बदलून लोकलनं डहाणूला जाता येतं, तेव्हा शटलनं गेलो होतो. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, मग दादरला शिशुविहार काढलं. ते नावाजलंही. पण शहरातल्या पांढरपेशा मुलांपुरतं हे राहिलं तर काय उपयोग, म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या आणि १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. महागडी साधनं परवडणार नव्हती, तर शिंपले, बिया, खडे, पानं घेतली आणि त्यांवर मोजणं, लावणं, जोडणं शिकवलं. पुढे अनुताई वाघांनी ते काम मरेपर्यंत सांभाळलं. माझा बटणांचा डबा म्हणजे कोसबाडची उसनवारी आहे.

मॉन्टेसरीबाईंचंही तेच. आज ‘मॉन्टेसरी’ शब्द लागला की फी चढते. पण मारिया मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ ला उघडलं ते रोममधल्या सान लोरेन्झो नावाच्या गरीब मजुरांच्या वस्तीत. आईबाप कामावर गेले की मागे पोरं इमारतीची नासधूस करायची, म्हणून इमारतवाल्यांनाच कोणीतरी ती सांभाळायला हवी होती. गरिबाच्या पोरांसाठी शोधलेली गोष्ट फिरून फिरून श्रीमंतांच्या दारात कशी गेली, याचं मला अजून नवल वाटतं. न्यूयॉर्कमध्ये तर २००२ साली असं प्रकरण उघडकीला आलं की वॉल स्ट्रीटवरच्या जॅक ग्रबमन नावाच्या बड्या शेअर विश्लेषकानं जुळ्या मुलांच्या नर्सरी प्रवेशासाठी आपल्या बँकेच्या साहेबाकडे शब्द टाकायला सांगितलं होतं, आणि त्या बँकेनं, सिटीग्रुपनं, ती नर्सरी चालवणाऱ्या संस्थेला दहा लाख डॉलरची देणगी कबूल केली. मुलांना प्रवेश मिळाला. आमची बी विंगवाली निदान स्वतःच्या पगारातून भरते आहे!

बरं, एवढं करून मिळतं काय? माझ्याकडे याचा एक पुरावा आहे आणि तो कोणी मागितलेला नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. छोट्यांचे वर्ग जवळजवळ दोन वर्षं भरले नाहीत. काही शाळांनी तीन वर्षांच्या मुलांना मोबाइलसमोर बसवून फी घेतली, पण आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांना ते जमलं नाही, परवडलंही नाही. ती मुलं नर्सरी, ज्युनिअर काही न करता थेट मोठी झाली. तेव्हा आया रडकुंडीला आल्या होत्या, पोर मागे पडणार म्हणून. पहिलीचे चार-सहा महिने जड गेले, हे खरं. पेन्सिल धरता येईना, दुसऱ्या मुलांत बसायची सवय नव्हती. आज ती मुलं चौथी-पाचवीत आहेत. संध्याकाळी खाली क्रिकेट खेळतात, तेव्हा यातल्या कोणाची नर्सरी झाली आणि कोणाची बुडाली हे मला सांगता येत नाही. मी त्या सगळ्यांना ओळखते तरी.

याचा अर्थ लहान मुलांना शाळा नको, असा कोणी काढू नये. माझं पोट त्यावर आहे, पण त्यासाठी म्हणत नाही. दोघं नोकरीला जाणाऱ्या घरात, वन बीएचकेत, दिवसभर टीव्हीसमोर बसणाऱ्या पोराला दुसरी पोरं हवीत, माती हवी, गोष्ट सांगणारी बाई हवी. माझ्या मदतनीस मावशींचा नातू पेणकरपाड्यात अंगणवाडीत जातो. मी एकदा त्याला सोडायला गेले होते. एक खोली, त्यात वजनकाटा, पोषण आहाराची पातेली, रजिस्टरांची चळत आणि त्या सगळ्यात वीसेक मुलं. सेविका मला म्हणाल्या, ‘‘ताई, गाणी घ्यायची फार हौस आहे हो, पण ही रजिस्टरं आणि मोबाइलवरची माहिती भरण्यातच अर्धा दिवस जातो.’’ २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेली ही योजना. ताराबाईंचा शब्द घेतला, पण त्यांचं खेळणं-शिकणं मागे पडलं आणि वजन-लसीकरण पुढे आलं. तेही गरजेचंच आहे. पण २०२३ च्या डिसेंबरात याच सेविका मानधनासाठी राज्यभर संपावर गेल्या, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याची एक ओळही आली नाही. आपली मुलं तिथं जात नाहीत ना! आपण गेलो असतो तर त्या खोलीला दुसरी खोली जोडली गेली असती, असं माझं मत आहे.

पण ते लांबचं झालं. जवळचं एक काम करता येण्यासारखं आहे आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पहिलीचं दार उघडं ठेवा. ज्या शाळेला स्वतःची नर्सरी आहे तिनंही पहिलीच्या निदान निम्म्या जागा बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी राखायच्या, जवळ राहणाऱ्याला आधी, आणि बाकी सोडत. इंटरॅक्शन नाही, गुणविशेष नाहीत. अवघड आहे म्हणून सांगू नका. पंचवीस टक्के जागांची ऑनलाइन सोडत आपल्या राज्यात निघतेच. पहिलीला खरोखर जागा मिळू शकते हे एकदा आयांना कळलं, की अडीच वर्षांच्या पोराला दहिसर नाक्याच्या कोंडीत कोण पाठवेल? मग नर्सरीला नर्सरी म्हणूनच किंमत येईल. ज्यांची चांगली असेल त्यांची चालेल, आमच्यासारख्या घरगुती बायकांचीही चालेल. शाळावाले म्हणतील, आमच्या नर्सरीतल्या मुलांना पुढे पाठवायचं नाही का? पाठवा, निम्म्यांना. उरलेल्यांचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं सोपं उत्तर नाही. पण आज ‘उरलेले’ म्हणजे ज्यांना तिसऱ्या वर्षीच नाही म्हटलं जातं ते सगळे, त्यांचा प्रश्न कोणी विचारतही नाही.

आणि एक छोटं. वर्षाच्या फीपैकी शिक्षिकेच्या पगारात किती जातात, एवढा एक आकडा प्रत्येक प्लेस्कूलनं दारावर लावावा. मी माझ्या दारावर लावलाय. एक आई थांबून वाचून गेली, तेव्हापासून समोरच्या लाइनीतली दुसरी बालवाडीवाली माझ्याशी बोलत नाही.

त्या रात्री गुणविशेष राहिलेच होते. मी म्हटलं, ‘‘लेकीकडे बघ आणि लिही.’’ लेकीनं सगळी बटणं फरशीवर ओतून त्यांचे दोन ढीग केले होते. मला आधी वाटलं, रंगानं लावतेय. तसं नव्हतं. एका ढिगात दोन भोकांची, दुसऱ्यात चार भोकांची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिकवलं नव्हतं. मी आईला दाखवलं. ती क्षणभर बघत राहिली आणि मग म्हणाली, ‘‘पण काकू, असं लिहितात का? कॉन्फिडंट, सोशल, असं काहीतरी लागतं ना.’’ शेवटी तसंच लिहिलं. इंग्रजी मीच तपासून दिलं.

जानेवारीत यादी लागली, नाव होतं. पैसे भरायला पाच दिवसांची मुदत होती. एफडी मोडली की तिच्या आईच्या पाटल्या गहाण पडल्या, ते मी विचारलं नाही. या जूनपासून सकाळी सात वीसला पिवळी बस येते. दुपारी बारा पन्नासला तीच बस आमच्या गेटशी सोडते आणि मुलगी माझ्याकडे येते, आई येईपर्यंत. त्याचे मी वेगळे साडेतीन हजार घेते. आल्याआल्या ती बूट काढते आणि डबा मागते. जेवणाचा नाही, बटणांचा.